स्मेतानाचे पियानोसंगीत

बेदर्झिख स्मेताना (२ मार्च १८२४–१२ मे १८८४) ह्या चेक संगीतकाराने पियानोसाठी केलेल्या रचना. त्यांत पोल्का ह्या नृत्यप्रकारावर आधारलेल्या रचना आणि ‘चेस्के तान्त्से’ (चेक नृत्ये) ह्या नावाच्या दोन मालिका (१८७७ व १८७९) सर्वांत महत्त्वाच्या मानल्या जातात. स्मेतानाची जागतिक कीर्ती मुख्यतः ‘प्रोदाना नेव्हेस्ता’ (विकलेली नवरी, १८६६) ही संगीतिका आणि ‘मा व्लास्त’ (माझा देश) हा सहा सिंफनिक काव्यांचा संच ह्यांवर उभी आहे. तथापि तो मूळचा पियानोवादक होता. लोकनृत्याला अभिजात कलासंगीतात कसे स्थान द्यावे, हा त्याच्या आयुष्यातील मध्यवर्ती प्रश्न त्याने प्रथम पियानोवर हाताळला आणि त्याचे सर्वांत परिपक्व उत्तरही त्याने पियानोवरच दिले.

बोहीमियातील लितोमिश्ल येथे एका बीअर गाळणाऱ्या कारखान्याच्या चालकाच्या घरी त्याचा जन्म झाला. वडील हौशी व्हायोलिनवादक होते. सहाव्या वर्षी, १८३० मध्ये, त्याने गावातील एका कार्यक्रमात ओबेर ह्या फ्रेंच संगीतकाराच्या संगीतिकेचे प्रारंभसंगीत पियानोवर वाजवून दाखविले. त्या काळी बोहीमिया हाप्सबर्ग साम्राज्यात मोडत असे. शिक्षणाची, शासनाची आणि प्रतिष्ठित समाजाची भाषा जर्मन होती. स्मेतानाचे शिक्षण जर्मनमधूनच झाले. त्याची दैनंदिनी व पत्रव्यवहार दीर्घकाळ जर्मनमध्ये असून, १८६० च्या सुमारास, म्हणजे पस्तिशी उलटल्यावर, तो प्रयत्नपूर्वक शुद्ध चेक लिहू लागला. चेक राष्ट्रीय संगीताचा जनक म्हणून ज्याला गौरविले जाते, त्याला आपली मातृभाषा अशी नव्याने कमवावी लागली. पोल्का मात्र त्याच्या बोटांत सोळाव्या वर्षापासून होती. त्याचे चेकपण शब्दांच्या आधी लयीतून व्यक्त झाले, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळतो.

पोल्का हे जोडीने नाचावयाचे द्रुत लयीतील नृत्य १८३० नंतरच्या दशकात बोहीमियात रूढ झाले. त्याचे आवर्तन दोन मात्रांचे असते. प्रत्येक मात्रेचे दोन समान भाग केल्यास चार घटक होतात. त्यांपैकी पहिल्या तिहींवर आघात आणि चौथ्यावर विराम, असा त्याचा एक ठळक साचा आहे. हा विराम म्हणजे नर्तकाचे पाऊल क्षणभर अधांतरी राहण्याचा क्षण होय. नृत्याच्या नावाची उपपत्ती ‘अर्धे’ ह्या अर्थाच्या चेक शब्दापासून काही अभ्यासक लावतात, तर काही ‘पोलंडची स्त्री’ ह्या अर्थाच्या शब्दापासून. एका सेविकेने आपल्या मनानेच हे नृत्य रचले आणि गावच्या शिक्षकाने ते लिहून घेतले, ही कथा लोकप्रिय असली, तरी ती दंतकथाच समजावी. प्रागच्या नृत्यगृहांतून पोल्का व्हिएन्नास व तेथून पॅरिसला पोहोचली आणि १८४० नंतरच्या काही वर्षांत सर्व यूरोपभर तिचे वेड पसरले. ह्या प्रसाराचा एक तोटाही झाला. चेक राष्ट्रीय जागृतीच्या काळातच जन्मल्यामुळे बोहीमियात तिला अस्मितेचे मोल आले. परंतु बाहेरच्या जगात मात्र ती एक उथळ, करमणुकीची चीज म्हणून ओळखली जाऊ लागली. स्मेतानाच्या पोल्कांविषयीचा गैरसमज आजही बऱ्याच अंशी ह्या कीर्तीतूनच उद्‌भवतो.

स्मेतानाच्या पहिल्या पोल्का खरोखर नाचण्यासाठीच होत्या. ‘लुइझिना पोल्का’ ही त्याने १८४० मध्ये आपल्या नात्यातील एका मुलीसाठी रचली. पुढे प्लझेन येथे शिकत असताना घरगुती मेजवान्यांतून पियानोवर नृत्ये वाजविणारा तरुण म्हणून त्याला मागणी असे. १८४३ मध्ये तो प्रागला आला आणि १८४४–४७ ह्या काळात योसेफ प्रोक्श ह्या अंध शिक्षकाकडे त्याने स्वरसंवाद व रचनाशास्त्र ह्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. तंत्रात लिस्टच्या आणि रचनेत मोट्‌सार्टच्या तोडीचे व्हावयाचे, अशी महत्त्वाकांक्षा त्याने आपल्या दैनंदिनीत नोंदविली आहे. १८४८ मध्ये त्याने आपल्या सहा स्वभावचित्रणात्मक पियानोरचना (ओपस १) लिस्टला अर्पण करून पाठविल्या. सोबत संगीतशाळा काढण्यासाठी कर्जाची विनंतीही केली. कर्ज मिळाले नाही. लिस्टने अर्पण मात्र स्वीकारले आणि रचनांसाठी लाइपसिकचा प्रकाशक मिळवून दिला. दोघांचा स्नेह पुढे आयुष्यभर टिकला. शूमान आणि शोपँ ह्यांचा ठसाही ह्या काळातील छोट्या रचनांवर स्पष्ट आहे. त्यांपैकी एका रचनेला स्मेतानाने शूमानचेच नाव दिले आहे.

तीन दिवाणखानी पोल्का (ओपस ७) आणि तीन काव्यात्म पोल्का (ओपस ८) ह्या १८५४ च्या सुमारास सिद्ध झालेल्या संचांत नृत्यगृह मागे पडते. येथे पोल्काची लय कायम आहे; पण तीवर नाचता येणार नाही, अशा रीतीने ती ताणली, आवरली व सैल सोडली आहे. डाव्या हाताची ठेक्याची चौकट मधूनच विरून जाते, उजव्या हातातील सुरावट अनपेक्षित स्वरमेळांत शिरते आणि मूळ लय दुरून आल्यासारखी परत ऐकू येते. शोपँने पोलंडच्या माझुर्काला जे स्थान मिळवून दिले, ते आपल्याला पोल्कासाठी मिळवावयाचे आहे, असे स्मेतानाने पुढे आपल्या प्रकाशकाला लिहिले आहे. ही तुलना ध्येयापुरती योग्य असली, तरी दोन नृत्यांतील अंतर लक्षात घेतले पाहिजे. माझुर्काच्या तीन मात्रांच्या आवर्तनात आघात दुसऱ्या किंवा तिसऱ्या मात्रेवर सरकू शकतो, आणि ह्या अस्थिरतेत शोपँला विविधतेची खाण सापडली. पोल्काच्या दोन मात्रांत एवढी मोकळीक नाही. तिच्यातून काव्य काढणे अधिक अवघड असल्यामुळे स्मेतानाला स्वरसंवादाचा आणि मध्यवर्ती स्वरपंक्तींच्या गुंफणीचा आश्रय अधिक घ्यावा लागला.

हा काळ त्याच्या कौटुंबिक आयुष्यात अत्यंत दुःखाचा होता. १८५४–५६ ह्या अवधीत त्याच्या चार मुलींपैकी तिघी मृत्यू पावल्या. प्रागमध्ये उत्कर्षाची आशा न उरल्याने १८५६ मध्ये तो स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे गेला व तेथे वादक, शिक्षक आणि संगीतसंचालक म्हणून त्याने काम केले. १८५९ मध्ये मायदेशी परतत असताना त्याची पत्नी कातेर्झिना हिचे ड्रेझ्डेन येथे निधन झाले. ‘पोल्कांच्या रूपातील बोहीमियाच्या आठवणी’ (ओपस १२ व १३) ह्या चार रचना ह्याच सुमाराच्या (१८५९–६०) आहेत. त्यांत मायनर स्वरसप्तकाचा, म्हणजे स्थूलमानाने कोमल गांधाराच्या छायेचा, वापर मोठ्या प्रमाणावर आहे. आनंदाच्या नृत्यात विषादाचा सूर मिसळण्याची ही रीत पुढे स्मेतानाची खूण ठरली. ह्याच वर्षांत त्याने लिस्टच्या वळणाच्या काही दिमाखदार मैफलरचनाही केल्या. स्वीडनच्या समुद्रकिनाऱ्याच्या आठवणीतून स्फुरलेला ‘सागरतीरी’ (१८६१) हा अभ्यासखंड त्यांत प्रसिद्ध आहे. चेक लोकगीतांवरील ‘फँटसी’ (१८६२) हीदेखील अशीच कौशल्यदर्शक रचना होय. तीत लोकगीतांच्या चाली मण्यांसारख्या ओवल्या असून वादकाच्या हस्तकौशल्याला भरपूर वाव ठेवला आहे. वादकांना ती आवडते. स्मेतानाच्या विचारांचा प्रवास समजून घेण्यास मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही.

१८६१ मध्ये तो प्रागला कायमचा परतला, तेव्हा राष्ट्रीय संगीतिका कशी असावी ह्यावर तेथे वाद चालू होता. राजकीय नेते फ्रांतिशेक लादिस्लाव्ह रीगर ह्यांच्यासारख्यांचे मत असे, की ग्रामजीवनावरील संगीतिकेचे संगीत लोकगीतांवरूनच बेतले पाहिजे. स्मेतानाला हे मान्य नव्हते. लोकगीतांच्या चालींची व लयींची नक्कल करून राष्ट्रीय शैली निर्माण होत नाही, फार तर दुबळे अनुकरण निर्माण होते, अशी त्याची भूमिका होती. ‘प्रोदाना नेव्हेस्ता’तील पोल्का, फुरियांत व स्कोच्ना ही नृत्ये ह्या भूमिकेचे फळ होत. ती इतकी अस्सल वाटतात, की त्या लोकांमध्ये पूर्वापार चालत आलेल्या चालीच असाव्यात, असा अनेक श्रोत्यांचा समज होतो. प्रत्यक्षात ‘प्रोदाना नेव्हेस्ता’ जवळजवळ संपूर्णपणे त्याच्या स्वतःच्या सुरावटींतून घडली आहे.

१८७४ च्या शरद ऋतूत स्मेतानाला पूर्ण बहिरेपण आले आणि प्रागच्या तात्पुरत्या नाट्यगृहातील संचालकपद त्याला सोडावे लागले. ह्यानंतरच्या दहा वर्षांत, कोणताही ध्वनी ऐकू येत नसताना, त्याने आपले सर्वांत श्रेष्ठ संगीत रचले. सुमारे तेरा वर्षे पियानोरचनेकडे फारसे लक्ष न दिलेल्या ह्या संगीतकाराने १८७५ मध्ये ‘स्नि’ (स्वप्ने) हा सहा रचनांचा संच लिहिला. त्याच्या उपचारांसाठी निधी जमविण्यास साहाय्य केलेल्या पूर्वीच्या शिष्यांना हे खंड अर्पण केलेले आहेत. ‘मावळलेले सुख’ ह्या पहिल्या खंडापासून बोहीमियन शेतकऱ्यांच्या उत्सवाचे चित्र रंगविणाऱ्या शेवटच्या खंडापर्यंतचा त्यांचा क्रम स्मरणरंजनाचा आहे. १८७६ मध्ये तो याब्केनित्से ह्या खेड्यात, वनाधिकारी असलेल्या जावयाच्या घरी, राहावयास गेला. ‘माझ्या जीवनातून’ हे त्याचे पहिले तंतुवाद्य-चतुष्टक त्याच वर्षीचे असून, त्याच्या दुसऱ्या खंडात तारुण्यातील नृत्यप्रेमाची आठवण म्हणून पोल्काच योजिली आहे.

‘चेक नृत्ये’ ह्या मालिकेचा पहिला भाग १८७७ मध्ये पूर्ण झाला. त्यात चार पोल्का आहेत. त्या अनुक्रमे एफ शार्प मायनर, ए मायनर, एफ मेजर व बी फ्लॅट मेजर ह्या स्वरसप्तकांत आहेत. विषादातून उल्लासाकडे जाणारा हा क्रम योगायोगाचा वाटत नाही. ओपस ७ व ८ मध्ये कधीकधी जाणवणारे शोपँचे अनुकरण येथे उरलेले नाही. लेखन आटोपशीर झाले आहे. अलंकार आहेत ते सुरावटीचाच भाग होऊन येतात. पहिली पोल्का ऐकताना प्रथम नृत्याची नव्हे, तर आत्मगत चिंतनाची जाणीव होते, आणि तरीही तिच्या तळाशी तो तीन आघातांचा व एका विरामाचा साचा चालू असतो. जो वादक केवळ चिंतन वाजवितो आणि साचा विसरतो, त्याच्या हातून ही रचना निर्जीव होते. केवळ ठेका वाजविणाऱ्याच्या हातून ती क्षुद्र होते.

दुसऱ्या मालिकेचे निमित्त वेगळे होते. १८७८ मध्ये बर्लिनच्या झिमरॉक ह्या प्रकाशनसंस्थेने आंतोनीन ड्‌व्होर्झाक (१८४१–१९०४) ह्याची ‘स्लाव्हिक नृत्ये’ प्रथम चार हातांनी एकाच पियानोवर वाजविण्यासाठी व नंतर वाद्यवृंदासाठी प्रसिद्ध केली. त्यांना मिळालेल्या यशामुळे ड्‌व्होर्झाक एकाएकी यूरोपभर प्रसिद्धीस आला. पुढच्या वर्षी स्मेतानाने आपला प्रागचा प्रकाशक उर्बानेक ह्याला आपली योजना कळविली. ड्‌व्होर्झाकने आपल्या रचनांना केवळ ‘स्लाव्हिक नृत्ये’ असे सामान्य नाव दिले आहे आणि ती कोणती नृत्ये आहेत हे लोकांना कळत नाही. आपण मात्र चेक लोकांकडे निश्चित नावांची कोणती नृत्ये आहेत ते दाखवू, असा त्या पत्राचा आशय आहे. त्यात कनिष्ठ समकालीनाविषयीची थोडी चुरस असेलही. परंतु मूळ मुद्दा तात्त्विक आहे. ‘स्लाव्हिक’ ही बाहेरच्या बाजारपेठेला सोयीची, सर्वसमावेशक संज्ञा होती. स्मेतानाला हवे होते ते नेमके नाव, नेमकी पावले आणि ज्या गावात ती टाकली जातात ते गाव. ड्‌व्होर्झाकच्या पहिल्या संचातील बहुतेक नृत्येही वस्तुतः चेकच आहेत, ही गोष्ट ह्या संदर्भात विसरता येत नाही.

ह्या दुसऱ्या मालिकेत (१८७९) दहा नृत्ये आहेत : फुरियांत, स्लेपिच्का (लहानशी कोंबडी), ओव्हेस (ओट हे धान्य), मेद्‌व्हेद (अस्वल), त्सिबुलिच्का (छोटा कांदा), दुपाक, हुलान (भालाईत घोडेस्वार), ओब्क्रोचाक, सोउसेद्स्का आणि स्कोच्ना. ह्यांतील चमत्कारिक वाटणारी नावे नृत्याबरोबर गाइल्या जाणाऱ्या गीतांतील शब्दांवरून पडलेली आहेत. फुरियांतचे वैशिष्ट्य लयीच्या झगड्यात आहे. तीन मात्रांची दोन आवर्तने मिळून सहा मात्रा होतात. त्या प्रथम दोन-दोन-दोन अशा गटांत आणि लगेच तीन-तीन अशा गटांत पडतात. भारतीय वाचकाला ह्याची कल्पना यावयाची, तर तीन-तीन असा विभाग असलेला दादरा मनात धरून त्याच सहा मात्रांवर दोन-दोनांचे आघात देऊन पाहावेत. ‘ऐटबाज, घमेंडखोर माणूस’ ह्या अर्थाचे ह्या नृत्याचे नाव त्याच्या लयीला शोभणारे आहे. दुपाकमध्ये पाय आपटण्याचे आघात आहेत. सोउसेद्स्का हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, प्रौढ जोडप्यांनी संथपणे करावयाचे तीन मात्रांचे नृत्य असून, उड्या मारीत करावयाच्या द्रुत स्कोच्नाने मालिका संपते. ‘मेद्‌व्हेद’मध्ये खर्जातील जड पावले ऐकू येतात, तीत विनोद आहे, पण टवाळी नाही. ‘हुलान’ ही बहुधा संपूर्ण मालिकेतील सर्वांत कोमल रचना होय. मध्यम लयीतील तिची गीतमय चाल प्रत्येक पुनरावृत्तीत निराळ्या स्वरमेळांतून जाते.

येथे एक विरोधाभास ध्यानात येतो. संगीतिकेत लोकगीतांची उसनवारी नाकारणाऱ्या स्मेतानाने ह्या मालिकेत मात्र अनेक ठिकाणी प्रत्यक्ष लोकगीतांच्या चाली घेतल्या आहेत. त्यांसाठी कवी व लोकविद्येचा अभ्यासक कारेल यारोमिर एर्बेन (१८११–७०) ह्याने प्रसिद्ध केलेल्या चेक लोकगीतांच्या संग्रहाचा (१८६२–६४) त्याला उपयोग झाला. उलट ड्‌व्होर्झाकची स्लाव्हिक नृत्ये त्याच्या स्वतःच्या सुरावटींवर आधारलेली आहेत. मग लोकपरंपरेशी अधिक निष्ठावान कोण, हा प्रश्न काही समीक्षकांनी उपस्थित केला आहे. परंतु तो फारसा फलदायी नाही. स्मेतानाच्या हाती लोकगीताची चाल हे रचनेचे साध्य नसून बीज आहे. आठ-सोळा आवर्तनांची एक साधी चाल तो प्रथम जवळजवळ उघडी मांडतो. मग तिची छोटी शकले करतो, ती डाव्या हाताकडे सोपवितो, परक्या स्वरसप्तकांत नेतो, तिच्याभोवती लिस्टकडून आत्मसात केलेल्या जलद स्वरमालिका गुंफतो आणि शेवटी ती मूळ रूपात परत आणतो. १८६२ च्या ‘फँटसी’त हीच सामग्री होती, पण तेथे चालीवर तंत्र चढविलेले होते, तर येथे तंत्र चालीतूनच उगवते. संगीतिकेत नाकारली होती ती नक्कल. चालीचा असा विकास त्याने कधीच नाकारला नव्हता.

ह्या नृत्यांचा प्रसार मात्र मर्यादित राहिला. त्याची कारणे बरीचशी व्यावहारिक आहेत. ड्‌व्होर्झाकची नृत्ये चार हातांसाठी असल्याने घरगुती वादकांच्या आवाक्यात होती आणि मागे बर्लिनचा प्रकाशक होता. स्मेतानाची नृत्ये प्रागमध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांतील बरीचशी वाजविण्यास प्रगत मैफलवादकच लागतो. खाली लांब पल्ल्याच्या झेपा, वर अतिद्रुत स्वर आणि मध्ये अखंड वाहणारी तिसरी स्वरपंक्ती हे सर्व दोन हातांत सांभाळून वर नृत्याचा सहजपणा टिकवावा लागतो. शिवाय ज्या श्रोत्यांना पोल्का म्हणजे करमणूक एवढेच ठाऊक होते, त्यांना मायनर स्वरसप्तकातील गंभीर पोल्का ऐकण्याची तयारी नव्हती.

स्मेतानाने स्वतः शेवटच्या काळातही जाहीर वादन केले. पहिल्या सार्वजनिक वादनाला पन्नास वर्षे झाल्यानिमित्त ४ जानेवारी १८८० रोजी प्रागमध्ये झालेल्या कार्यक्रमात, पूर्ण बहिरा असतानाही, त्याने १८५५ मध्ये आपल्या मृत मुलीच्या स्मृतीप्रीत्यर्थ रचलेल्या त्रिवाद्यसंगीतातील पियानोची बाजू वाजविली. १८८४ मध्ये प्रागच्या मनोरुग्णालयात त्याचा मृत्यू झाला.

नंतरच्या चेक संगीतकारांनी पियानोसाठी पोल्का लिहिण्याचा हा वारसा चालू ठेवला. बोहुस्लाव्ह मार्टिनू (१८९०–१९५९) ह्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत राहत असताना, १९४५ मध्ये, अभ्यासखंड आणि पोल्का आलटून पालटून येतील अशा तीन वह्या रचल्या. त्यांत स्मेतानाचे स्मरण उघड आहे. वादकांपैकी रुडॉल्फ फिरकुश्नी (१९१२–९४) ह्याने ‘चेक नृत्ये’ पश्चिमेकडील श्रोत्यांपर्यंत पोहोचविली. स्मेतानाच्या पियानोसंगीताचे समग्र ध्वनिमुद्रण यान नोव्होत्नी आणि त्यानंतरच्या पिढीतील यित्का चेखोव्हा ह्यांनी केले आहे.